थंडी न वाजणाऱ्या मुलीचं जॅकेट

प्रिय छोटी,

परवा फोनवर तू हसत म्हणालीस, "ताई, एक जॅकेटच घ्यायचं होतं ना, की मुलीचं लग्न ठरवायचं होतं?" तुझं हसू ऐकून बरं वाटलं. अलीकडे ते कमीच कानावर पडतं. तुझे भावजीही हेच म्हणत होते. (भावजी म्हणायचं की मोठे दीर, हा तुझा जुना घोळ. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या की नात्यांचाही पीळ पडतो.) तिसऱ्या खेपेला दुकानाबाहेर त्यांनी गाडीतच सीट मागे करून डोळे मिटले आणि म्हणाले, तुमचं ठरलं की उठवा. सगळे हसले, मीही हसले. सहल कशी झाली म्हणून तू विचारलंस तेव्हा मी छान झाली म्हणाले. ते खरं नव्हतं. आज सगळं खरं लिहिते. मी काही खास सोसलं असं दाखवायचं नाहीये, पण तुला ते कळायला हवं. का, ते शेवटी सांगेन. सावकाश, बसून वाच. पाय वर घेऊन बस.

आमच्या भिंगरीच्या वर्गाची बर्फावरची सहल दर वर्षी जाते. याआधी मी कधी ताप आहे म्हणून कळवलं, कधी पाहुणे येणार म्हणून. या वर्षी तिने मला आधीच बजावलं की खोटं लिहून दिलंस तर मी बाईंना सांगेन. मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. वाटलं, त्याच नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल. त्या म्हणाल्या, जाऊ दे. तिचं अंग कोरडं आणि गरम राहिलं पाहिजे, कोणीतरी अधूनमधून तिची बोटं आणि गाल बघितले पाहिजेत, एवढं सांभाळा. "एवढं" म्हणाल्या. जणू मी मीठ आणायला निघाले होते.

आता दुकानातली गोष्ट. विकणारी मुलगी विशीतली, गोड बोलणारी. एकेक जॅकेट चढवायची, चेन गळ्यापर्यंत ओढायची आणि भिंगरीला विचारायची, उबदार वाटतंय का गं? भिंगरी प्रत्येकाला म्हणायची, हो, मस्त. पातळ पावसाळी कोटालाही हो, मस्त. मी त्या मुलीला बाजूला नेलं आणि सांगितलं, तिला विचारू नका. तिला थंडी, ऊन, चटका, दुखणं यातलं काहीही कळत नाही. जन्मापासून. त्या मुलीने भिंगरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, बरंच आहे की मग, किती सोपं. तिचा दोष नाही. पहिल्यांदा ऐकणारे सगळे तसंच म्हणतात. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ना, आमच्या घरात जिचं जळतं तिला सोडून सगळ्यांना कळतं.

तुला आठवत असेल, तिला पहिले दात आले तेव्हाची गोष्ट. मी सकाळी उचलायला गेले तर उशी रक्ताने भरलेली आणि ही त्यात पडून हसतेय. जीभ चावत होती, खेळ म्हणून. मी दिवसभर कारखान्यात बसून न पाहिलेल्या माणसांच्या कवळ्या घडवते, प्लास्टरच्या साच्यांत अनोळखी जबडे हाताळते. त्या आठवड्यात मी तिच्या दुधाच्या दातांसाठी, जीभ चावली जाऊ नये म्हणून, मऊ टोपण केलं. माझ्या हातून झालेली सगळ्यात लहान वस्तू. ते घासत मी इतका वेळ बसले की मुकादमांनी मला घरी जायला सांगितलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिचं अंग तपासते, टाळूपासून तळव्यांपर्यंत. बुटात खडा होता का, कोपर सुजलंय का, पाठीवर काही ओरखडा आहे का. ती हात वर करून उभी राहते आणि मला शाळेतल्या गमती सांगते. तिच्या लेखी तो आमचा गप्पांचा वेळ असतो. माझा जीव मात्र तेवढा वेळ मुठीत असतो.

म्हणून जॅकेट. दुसऱ्या पोराचं जॅकेट जरा कमी पडलं तर ते पोर कुरकुरतं, रडतं, आत पळतं. त्याची कातडीच ओरडून सांगते. हिच्या वतीने ओरडणारं कोणीच नाही. त्यामुळे जॅकेटच असं हवं होतं की कातडीला ओरडावंच लागू नये. पहिलं मी घरी आणलं, आत रद्दी कागद ठासून भरले, चेन लावली आणि न्हाणीघरात फवाऱ्याखाली टांगलं. बाहेरून पाणी मोत्यासारखं घरंगळत होतं, पण उघडलं तर खांद्यावरच्या शिवणीखालचा कागद ओला. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेलीच नव्हती. परत केलं. दुसऱ्यातून पाणी आलं नाही, पण ते दोन मापं मोठं होतं. आपल्या सासूबाईंनी सांगितलं होतं ना, वाढत्या अंगाचं घे. त्यात एवढी हवा खेळत होती की ऊब टिकलीच नसती. तिसऱ्या वेळी मला पाहून ती दुकानातली मुलगी चक्क कपाटामागे गेली. पण मग तिनेच शोधून दिलं. शिवणी आतून बंद, चेनवर झाकण, मनगटाला आत घट्ट विणलेली पट्टी, कमरेशी बर्फ आत शिरू नये म्हणून आतला घेर, हेल्मेटवरून चढेल अशी टोपी. रंग भगभगीत नारिंगी. भिंगरीला राखाडी हवं होतं, मैत्रिणीकडे होतं तसं. मी भोपळा दिसते, म्हणाली, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी ऐकलं नाही. मला ती दुरून दिसायला हवी होती.

सहलीला मीही गेले. आई सोबत येणार म्हणून ती फुरंगटली, तेव्हा असं ठरलं की मी खाली काचेच्या हॉलमध्ये बसायचं आणि वर यायचं नाही. व्यायामाच्या सरांना मी सगळं समजावलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, नारिंगी ना, मग डोळ्याआड होणारच नाही. शिकवणाऱ्या दोघांनाही मी ते जॅकेट दाखवून ठेवलं. सकाळ फार सुंदर गेली, छोटी. हे मी तुला मुद्दाम सांगते, कारण तेही खरं आहे. ती पडत होती, उठत होती, आणि काचेतून मला तो नारिंगी ठिपका उतारावर वळणं घेताना दिसत होता. मी कॉफी घेतली आणि ती गार व्हायच्या आत संपवली. असं माझ्या हातून कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. जेवायला ती खाली आली तेव्हा मी तिची बोटं पाहिली. गुलाबी होती. आतला स्वेटर कोरडा होता. मी मनातल्या मनात त्या दुकानातल्या मुलीला आशीर्वाद दिला.

दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि ओला, चिकट बर्फ पडायला लागला. पोरांचे गट पाळण्यांतून, म्हणजे तारेवरच्या त्या खुर्च्यांतून, वर जात होते आणि उतरून येत होते. मी नारिंगी ठिपका शोधायचे, सापडला की श्वास सोडायचे. शेवटी सगळ्यांना बोलावलं. सरांनी डोकी मोजायला घेतली. दारात गर्दी झाली, पोरं बूट आपटत होती. मी पुढे झाले, नारिंगी जॅकेटला जवळ ओढलं आणि नाक पुसावं म्हणून टोपी मागे केली. आत दुसरंच तोंड होतं.

तिची मैत्रीण होती ती, राखाडी जॅकेटवाली. ओठ थरथरत होते आणि डोळे रडून लाल. मी काय विचारलं तेही मला आठवत नाही. तिचं उत्तर मात्र आठवतं. "काकू, माझं भिजलं होतं. ती म्हणाली, मला थंडी वाजतच नाही, तू घाल."

छोटी, तोंडचं पाणी पळणं, काळजाचं पाणी होणं, हे आपण येता-जाता बोलतो. त्या क्षणी माझ्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता. सगळ्यांनी तो रंग मोजला होता. सरांनी, शिकवणाऱ्यांनी, मी. मीच सर्वांना तो रंग पाठ करून दिला होता, आणि दुपारभर त्या रंगाआड माझी मुलगी नव्हती. मैत्रिणीला वाटलं, भिंगरी दुसऱ्या गटाबरोबर उतरली. दुसऱ्या गटाला वाटलं, ती पहिल्या गटात आहे. ती वरच्या थांब्याशी राहिली होती, स्वेटरवर, त्या ओल्या बर्फात.

सर वरच्या माणसाला फोन लावत होते, तो उचलत नव्हता. मी पाळण्याकडे धावले. तिथला माणूस म्हणाला, बाई, या बुटांनी वर जाता येत नाही. मी नुसती बसले. माझ्या तोंडाकडे बघून त्याने आडवी दांडी खाली केली. तो पाळणा किती सावकाश जातो, हे वर जाताना मुलांना कळत नसेल. खाली धुकं, वर धुकं, माझे पाय हवेत लोंबकळत होते आणि कानात फक्त तारेचा कुरकुर आवाज. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी तिच्या बोटांची नावं घेत होते, करंगळी, अनामिका, मधलं, आणि प्रत्येकाला म्हणत होते, राहा. मध्येच पाळणा थांबला. कोणीतरी कुठेतरी चढत किंवा पडत असेल. धुक्यात तसंच लटकून असताना माझ्या मनात जे आलं ते मी तुझ्या भावजींनाही सांगितलेलं नाही. वाटलं, काहीही झालं असलं तरी तिला दुखलं नसेल. आणि त्या विचाराने मला क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःचीच एवढी भीती वाटली की मी दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

ती वरच्या थांब्यावरच्या खोपटाच्या मागे होती, वाऱ्याच्या आडोशाला, एका उलट्या पेटीवर बसलेली. हातमोजे काढून बाजूला ठेवले होते, कारण मोजे घालून बर्फाचे गोळे नीट वळत नाहीत. समोर गोळ्यांची रांग मांडली होती. स्वेटर भिजून अंगाला चिकटला होता, केसांवर बर्फ, ओठ निळे. दात वाजत नव्हते. वाजले असते तर मला आवडलं असतं. मला पाहून ती हसली आणि म्हणाली, तू वर कशी आलीस, आपलं ठरलं होतं ना. शब्द जड येत होते, नवी कवळी बसवल्यावर माणसं बोलतात तसे. मी तिचे हात धरले. बोटं पांढरी होती, आम्ही साच्यात ओततो त्या मेणासारखी, आणि तशीच कडक.

मी तिचा स्वेटर काढून फेकला, माझ्या कोटाच्या आत, माझ्या पोटाला तिला चिकटवलं आणि ओरडले. आवाज ऐकून खोपटातला माणूस धावत आला. फोन आतल्या खोलीत होता, तो स्वतः पलीकडे यंत्राकडे गेला होता, सारखी माफी मागत होता. घोंगड्या आल्या, घसरगाडी आली, आम्ही खाली पोचलो. माझ्या पोटाशी इतकी थंड वस्तू कधी आली नव्हती, आणि ती मधूनमधून विचारत होती, आई, तू अशी का थरथरतेस?

प्रथमोपचाराच्या खोलीत परिचारिकेने कोमट पाणी घेतलं. मी कोपर बुडवून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. परिचारिका म्हणाली, आता रक्त परत येईल तेव्हा फार दुखेल, मोठी माणसंही ओरडतात, तिला घट्ट धरा. मी धरलं. बोटं पांढऱ्याची जांभळी झाली, मग लाल. भिंगरी शांतपणे पाण्यात बघत होती. मग तिने वर पाहिलं, परिचारिका वाट बघत थांबलेली दिसली, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू, सभ्यपणे म्हणाली, "आई गं." तिथे मी रडले. त्याआधी नाही.

मला तिचा राग आला होता, हेही लिहायला हवं. एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. आणि थोबाडीत देऊन तरी काय, तिला ती लागणार थोडीच. मी विचारलं, का दिलंस? ती म्हणाली, "ती थंडीने रडत होती. मी रडत नव्हते." एवढंच. जणू हिशेब साधा होता आणि मीच मठ्ठ.

तुला एक सांगते, जे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. ती तीन वर्षांची असताना कामाच्या बर्नरवर माझा अंगठा भाजला होता. घरी फोडावर मलम लावताना मी कळवळले तर ती खळखळून हसली, आणि पुन्हा कर म्हणाली. त्या दिवसापासून मला जखमांपेक्षा मोठी भीती होती. जिला स्वतःचं दुखणं ठाऊक नाही, तिला दुसऱ्याचं कुठून कळणार? ती मोठी होऊन कशी बाई होईल? ही भीती मी वर्षानुवर्षं पोटात ठेवली. त्या खोलीत, तिचे हात पाण्यात धरून बसलेली असताना, ती भीती मला सापडेना. शोधली, पण नव्हती. बाकीच्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

मी तिला म्हणाले, "तुलाही थंडी वाजते. तुझ्या बोटांना वाजते, तुला निरोप येत नाही एवढंच." ती म्हणाली, तर मग बोटांना सॉरी म्हणायला हवं. दोन बोटांना फोड आले आणि दोन नखं गेली. डॉक्टरीणबाई म्हणतात, बोटं राहतील, नखंही येतील, पण ही बोटं यापुढे गारठ्याला लवकर बळी पडतील. शाळेत तिने पट्ट्या सगळ्यांना दाखवल्या. मैत्रिणीची आई जॅकेट धुऊन, घडी घालून घेऊन आली. दारात आम्ही दोघी उभ्या राहिलो. शेवटी ती म्हणाली, किती गरम आहे हो हे, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी तिला आत बोलावलं. आता भिंगरी म्हणतेय, पुढच्या वर्षीही जायचं. रोज संध्याकाळी तिचं अंग तपासताना आता बोटं दोनदा बघते, आणि सकाळी ती शाळेला गेली की जिन्यावरच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत दार लावत नाही. ही भीती जाणारी नाही. खोटं सांगून काय मिळवू?

आता, हे पत्र का. परवा तू आधी हसलीस, आणि हसू संपल्यावर हळूच म्हणालीस की तपासणीचा निकाल आला, बाळ भिंगरीसारखंच असणार. मग विचारलंस, "ताई, तुला आधी कळलं असतं तर?" आणि मी दारात कोणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. दारात कोणी नव्हतं. मला भीती वाटली. मूल नको ठरवलं असतं म्हणाले तर माझ्या लेकीला नाकारल्यासारखं होईल, ठेवलंच असतं म्हणाले तर तुला या विहिरीत ढकलल्यासारखं. आपलं रक्त एक, दोघा भावांचं रक्त एक, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, जणू निकाल मीच द्यायचाय. तर ऐक. आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. तेव्हा मी भिंगरीला ओळखत नव्हते. तू तुझ्या बाळाला अजून ओळखत नाहीस, आणि डॉक्टरांना उत्तर तुला आत्ताच द्यायचंय, हा अन्याय आहे आणि तो कोणालाच टाळता येत नाही. सासूबाईंचं ऐकू नकोस, माझंही नको. तू ठेवायचं ठरवलंस तर टाळूपासून तळव्यांपर्यंत कसं बघायचं ते मी शिकवीन, आणि पहिलं टोपण मीच घडवीन. नको ठरवलंस तर दवाखान्यात तुझा हात धरून बसेन, आणि ते भिंगरीला नको म्हणणं आहे असं मी मनातसुद्धा येऊ देणार नाही, हे इथे लिहून देते. दोन्हींपैकी काहीही ठरो, मी रविवारी येतेय, आणि तिला घेऊन येतेय. ती धावत येऊन तुझ्या गळ्यात पडेल. तेव्हा तिच्यापासून तोंड फिरवू नकोस. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटतेय.

तुझीच, आणि काही झालं तरी तुझीच,
ताई